जीभ बघून चहा

कशेळ्याला मी ज्यांच्या घरात बारा वर्षं भाड्याने राहिले, त्या काकांनी मला "चहा घेणार का?" असं कधी विचारलं नाही. ते म्हणायचे, "जीभ काढा बघू, बाई."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा डोंगराच्या अंगाला एका वाडीत, आणि बिऱ्हाड कशेळ्यात, कारण जीपा तिथून सुटतात. संध्याकाळी घरी आले की पडवीत आधी जीभ दाखवायची आणि मग चप्पल काढायची, असा रिवाजच पडून गेला होता. जीभ पांढुरकी दिसली तर आलं आणि सुंठ. पिवळट दिसली तर दूध बंद, नुसता गवती चहा आणि चिमूटभर गूळ. कडा लाल असल्या तर बडीशेप. जिभेवर काहीच सापडलं नाही तर काका डोळ्याची खालची पापणी ओढून बघत आणि तिथे तरी काहीतरी काढतच. बारा वर्षांत त्यांनी मला एकदाही निरोगी ठरवलं नाही.

"चहा इचारून नाय द्यायाचा," ते म्हणत. "मानूस बघून द्यायाचा."

कर्जतच्या एका डॉक्टरांकडे त्यांनी तीसेक वर्षं कंपाउंडर म्हणून काढली होती. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला आणि काका घरी बसले. पण त्यांच्यातला कंपाउंडर काही घरी बसायला तयार नव्हता. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर औषधाच्या जुन्या तपकिरी बाटल्या ओळीने उभ्या असत. त्यांत वाळवलेली तुळस, गवती चहाचे कातरलेले तुकडे, ओवा, धने, लिंबाची साल, पारिजातकाची पानं. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी होती, पण ती कुणाला वाचता येत नसे, कारण काकांनी अक्षरही डॉक्टरांचंच उचललं होतं. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तर नाहीच. काकू सरळ झाकण उघडून वास घेत.

बाजाराला आलेली वाड्यांवरची माणसं जीपची वाट बघताना त्यांच्या पडवीत टेकत. कुणाची कंबर धरलेली, कुणाला खोकला. काका कागदाच्या चौकोनी घड्या घालून पुड्या बांधून देत. तीन दिवसांच्या सहा पुड्या, सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर. एकदा जुलाबाने बेजार झालेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी कोऱ्या चहात लिंबू पिळून पाजलं आणि तासभर समोर बसवून ठेवलं. म्हातारा जीप चुकली म्हणून कुरकुरत होता. "जीप दुसरी येईल," काका म्हणाले, "तू दुसरा येनार हायेस का?"

मला हे सगळं आधी थोतांड वाटायचं. तोंडावर बोलायची मला खोड आहे, त्यामुळे मी ते त्यांना सांगितलंही. पण माझी जिरली. शाळेत मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या वाटतात. आमच्याकडे त्या सकाळी, मुली घरून चहा पिऊन आल्या की लगेच देत असू. काकांना हे कळल्यावर ते ताडकन उठलेच. "लोहाची गोळी आनि चहा? बाई, त्या गोळ्या तुमी गटारात टाकताय. चहा लोह अंगाला लागू देत नाय. गोळी जेवल्यावर द्या, आनि वर लिंबू." मी आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, बरोबर सांगितलंय, कोण तुमचे हे डॉक्टर? दुसऱ्या दिवशी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान फिरवली, पण कान लाल झाले होते. त्या दिवशी मला चहात वेलदोडा मिळाला.

तेव्हापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला, आणि पुढे तोच आम्हाला नडला.

त्यांची मुलगी शेलूला नव्या बिल्डिंगीत राहायची. तिने एकदा वडिलांसाठी ग्रीन टीचा डबा आणला. वजन उतरतं, हृदयाला चांगला, वगैरे सांगितलं. काकांनी एक पिशवी दोऱ्याला धरून वर उचलली आणि उजेडात फिरवून बघितली. "याला दोरा कशाला गं? घशात गेला तर ओढून काढाया?" मग त्यांनी पंचवीसच्या पंचवीस पिशव्या फाडल्या, आतला चुरा एका बाटलीत भरला, वर डॉक्टरी अक्षरात चिठ्ठी लावली आणि महिनाभर तो चहा गावातल्या जाड माणसांना दिला. एका वाण्याला तर त्याने मागितलेला नसताना दिला. तो वाणी पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हता.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्या घरात चहा ही हसण्याची गोष्ट नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मी खोली बघायला आले, तेव्हा काकांनी चहा पुढे केला. मी म्हटलं, "मी चहा घेत नाही." मला पित्ताचा त्रास, पण तेवढं सांगायचं राहिलं. काकांनी कप तसाच उचलला, "बरं" म्हणाले आणि मागच्या परसात निघून गेले. काकू माझ्याजवळ बसल्या.

"तुमी वाईट नका वाटून घेऊ, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आमचे सासरे व्हते ना, त्यांचा कप बाजारातल्या हाटेलात भाईर कोनाड्यात ठेवायचे. चहा वरनं वतायचे. प्याला का आपला आपन इसळायचा आनि परत कोनाड्यात. हे बारके व्हते तवा बापाचं बोट धरून उभे राहायचे तितं. आमी बौद्ध झालो तवा सासऱ्यांनी पयलं काय आनलं, तर सहा कपबश्या. म्हनाले, आता आपल्या दारात जो येईल त्यो यातनंच पिईल. आनि जो नको म्हनंल..." त्यांनी परसाकडे बघितलं. "तुमचं आडनाव ऐकलं ना त्यांनी."

मी नगरकडची, माझं आडनाव ऐकलं की जात कळते, आणि नुसत्या "नको" या शब्दाने मी त्या माणसाला कुठे नेऊन उभं केलं हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी परसात गेले. काका गवती चहाच्या बुंध्याशी उगाच माती खुरपत होते. मी म्हटलं, "काका, मला पित्त आहे हो, म्हणून चहा सोडलाय. पित्तावर चालेल असा काही असेल तर द्या ना."

ते वळले. "मंग आदी सांगायचं ना! जीभ काढा."

त्यानंतर बारा वर्षं मी त्या घरात कशालाच नको म्हटलं नाही. मुलगी, जावई, शेजारी, कुणीच म्हणत नसे. आणि काकू तर नाहीच नाही.

काकूंना साखर जुनी होती. गोळ्या चालू होत्या. मग एका वर्षी पाय सुजायला लागले, तोंडावर सूज आली, आणि खोपोलीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या आहेत, आता सोमवार-गुरुवार डायलिसिस. काका रिपोर्टच्या फायली पोटाशी धरून बसले होते. डॉक्टर म्हणाले, पाणी मोजून द्यायचं, दिवसाला अर्धा लिटर. काकांनी मान डोलावली. "कळतं सर, मी लाइनीतलाच हाय." समोरचा माणूस लाइनीतला निघाल्यावर डॉक्टरांनीही पुढे फोड करून सांगितलं नाही, आणि काकांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कंपाउंडरला कमीपणा आला असता.

पूर्वी दवाखान्यात पातळ औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवत. पट्टीला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. काकांनी अर्धा लिटरच्या बाटलीला तशी पट्टी लावली, आठ खाचांची. रोज सकाळी ती भरायची आणि दिवसभर काकूंनी तेवढंच पाणी प्यायचं. मे महिन्यात कशेळ्याला पत्रे तापून घरात बसवत नाही. काकू एखाद्या दुपारी म्हणायच्या, "येक घोट द्या वो, घसा चिकटलाय." काका बाटली उजेडात धरून खाच बघत. "नाय. ह्या येळचा डोस झाला तुजा." खाच त्यांनी कधी ओलांडू दिली नाही.

आणि त्याच हातांनी ते तिला दिवसातून चार वेळा चहा देत होते.

सकाळी गवती चहा, बिनदुधाचा. दहाच्या सुमारास धने-जिऱ्याचा, लघवी सुटावी म्हणून. दुपारी बडीशेप. संध्याकाळी आलं-तुळस. साखर कशातच नाही, त्याची मोठी काळजी. तीस वर्षं ते औषधाच्या बाटल्या भरत आले होते, आणि औषधाला कुणी पाण्याच्या हिशेबात धरत नाही. चहा हे त्यांच्या लेखी औषध होतं. मी रोज त्यांच्या शेजारी बसून माझा कप पीत होते. मी डी.एड. झालेली, मुलांना विज्ञान शिकवणारी बाई. पण माझ्याही डोक्यात आलं नाही. आपल्याकडे चहाला पाणी कोण म्हणतं?

सूज वाढली की काका धन्याचा चहा वाढवत. त्यांना वाटायचं, डोस कमी पडतोय.

दिवाळीच्या सुट्टीत काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, म्हणून त्या गुरुवारी काकूंना खोपोलीला मी घेऊन गेले. जीपने कर्जत आणि तिथून खोपोलीची गाडी. एरवी काका सोबत असले तरी त्यांना आत सोडत नसत. नातेवाइकांनी बाहेर बाकावर बसायचं असा तिथला नियम. मी बाई आणि काकूंना धरून चालवायचं, म्हणून मला वजनकाट्यापर्यंत जाऊ दिलं.

सिस्टरने आकडा बघितला आणि कपाळाला हात लावला. "आजी, तीन दिवसांत एवढं वजन? हे सगळं पाणी आहे अंगात. किती पिता तुम्ही?"

"मोजून देत्यात घरी. बाटलीला पट्टी लावलीया."

"आणि चहा? आमटी, ताक? तेसुद्धा पाण्यातच धरायचं असतं. घरी कुणी सांगितलंय का?"

मी तोंड उघडलं. काकूंनी माझं मनगट धरलं, सुजलेल्या बोटांनी, घट्ट. "चहा मी कवाच सोडला, सिस्टर," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत आमच्या डब्यात चार माणसं होती. काकू खिडकीशी बसल्या होत्या. डायलिसिसनंतर त्यांचा चेहरा उतरायचा, पण त्या दिवशी त्या नीट सावध होत्या. एरवी मला बाई म्हणणाऱ्या काकू त्या दिवशी एकदम अगंतुगंवर आल्या.

"यांना सांगू नको गं."

"काकू, अहो, हे जिवावर बेतेल. आपण आज घरी जाऊन सरळ..."

"ऐक. डोळ्याला पट्टी हाय तरी चाचपडत चुलीशी जात्यात. हात भाजून घेतला परवा. चहानं मी बरी व्हईन असं वाटतंय त्यांना. तेवडी येकच गोष्ट ऱ्हायलीय त्यांच्या हातात. ती बी काडून घेऊ?" मग त्यांनी कोरड्या ओठांवरून पदर फिरवला. "आनि खरं सांगू? मला तहान लागती गं. लई तहान लागती. त्यो कप येतो ना, तवा कुटं जीव जाग्यावर येतो."

त्यांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली.

मला आजही वाटतं की ती शपथ मी त्याच दिवशी मोडायला हवी होती. एरवी माझ्या तोंडाला लगाम नाही. हेडमास्तरांना, सभापतींना, कुणालाही मी ऐकवते. आणि इथे, जिथे चार शब्दांनी काम झालं असतं, तिथे मी शब्द पाळणारी झाले. अगदीच गप्प बसले असंही नाही. दोन दिवसांनी मी आडून म्हटलं, "काका, काकूंचा चहा जरा कमी केला तर?"

"कमी?" त्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "पाय बघितले का तिचे? वाडवाया पायजे, बाई."

आतून काकू माझ्याकडे बघत होत्या. संध्याकाळी धन्याचा अजून एक कप वाढला.

गुरुवार ते सोमवार हे अंतर मोठं. अशाच एका रविवारी, गावात भाताची झोडणी चालली होती तेव्हा, जेवणानंतर काकूंना धाप लागली. आडवं होता येईना. मी धावत जाऊन जीपवाल्याला आणलं. काका मागच्या सीटवर तिला छातीशी टेकवून बसले होते आणि सारखे म्हणत होते, "लांब श्वास घे, लांब घे." कर्जतच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ओठ काळे पडले होते. आत नेलं. अर्ध्या तासाने तरुण डॉक्टर बाहेर आले आणि काकू गेल्याचं त्यांनी, सांगायची इच्छा नसलेल्या आवाजात, सांगितलं.

काका म्हणाले, "कशानं?"

"फुप्फुसात पाणी भरलं. दिवसाला किती पाणी देत होता?"

"अर्धा लिटर. मोजून."

"बाकी काही? चहा, सरबत?"

काका सरळ उभे राहिले, डॉक्टरांपुढे कंपाउंडर उभा राहतो तसे, आणि बोटांवर सांगू लागले. "सकाळी गवती चहा, येक कप. धा वाजता धने, दोन कप. दुपारी बडीशेप..." चौथ्या बोटावर ते थांबले. डॉक्टरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काका त्या बोटाकडे बघत राहिले. त्यांचं तोंड मी तेव्हा बघितलं, आणि तसं तोंड मला पुन्हा कुणाचं बघायचं नाही.

जलदान विधीला गाव लोटलं. भिक्खूंनी गाथा म्हटल्या, मुलगी रडून रडून बेशुद्ध पडली. आल्या-गेल्याला चहा शेजारच्या घरातून आला. काका भिंतीला टेकून बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मांडणीवरच्या बाटल्या एकेक करून परसात उपड्या केल्या. मी मदतीला गेले तर नको म्हणून हात केला. बाजाराच्या दिवशी वाड्यांवरची माणसं पडवीत आली, कुणाचा खोकला, कुणाची कंबर. काका आतून म्हणाले, "दवाखाना बंद झाला." माणसं जरा वेळ उभी राहिली आणि जीपकडे गेली.

मला ते काहीच विचारत नव्हते. मी रोज पडवीतून जायचे, "येते काका" म्हणायचे, ते मान हलवायचे. मला वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, आता सांगून काय? ही माझ्या भित्रेपणाची सोय होती, दुसरं काही नाही.

उन्हाळ्यात माझी बदली माणगावकडे झाली. सामान टेंपोत चढलं. किल्ली द्यायला गेले तर काका पडवीतच बसले होते. किल्ली त्यांनी घेतली आणि मुठीत धरून ठेवली.

"बसा, बाई. येक इचारायचंय. खरं सांगा."

मी बसले.

"माजं डोळ्याचं झालं तवा तुमी तिच्यासंगं आत गेलता. सिस्टरनं तिला चहाचं इचारलं व्हतं का?"

काकूंना दिलेला शब्द मी एकदा पाळला होता, आणि त्याचं काय झालं ते बघितलं होतं. दुसऱ्यांदा तो पाळायचा मला धीर झाला नाही. मी म्हटलं, "विचारलं होतं. चहा पाण्यातच धरायचा, असंही सांगितलं. काकू म्हणाल्या, मी कधीच सोडलाय."

रस्त्यावर टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला. काकांनी तिकडे बघितलंही नाही.

"म्हंजी तिला म्हाईत व्हतं."

"हो."

"आनि तुमाला बी."

"मलाही." मग मला राहवलं नाही. "माझं चुकलं, काका. त्यांनी शपथ घातली होती, पण मी सांगायला हवं होतं. मी तुमची गुन्हेगार आहे."

ते मला बोलतील, ओरडतील, जा म्हणतील, असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर ते मला हवं होतं. पण त्यांनी माझं बोलणं ऐकलंच नसावं.

"माझ्यासाटी प्याली," ते म्हणाले.

"तहानही लागायची त्यांना, काका. त्या म्हणाल्या होत्या मला. तुमचा कप आला की जीव जागेवर येतो, असं म्हणाल्या होत्या."

त्यांनी मान हलवली. ते रडत नव्हते. बाहेरच्या उन्हाकडे बघत ते कुणाला तरी समजावून सांगावं तसं बोलू लागले, आणि ते माझ्याशी नव्हतं.

"येकदा नको म्हनायचं ना तू. मला राग आला असता. दोन दिवस बोललो नसतो मी तुज्याशी. लई तर तीन दिवस." त्यांनी किल्ली या मुठीतून त्या मुठीत घेतली. "मंग बोललो असतो की."